रान आधी उगवू द्या: कोल्हापुरात नवी परसबाग करताना तणाचा बंदोबस्त

आमचं घर बांधून झालं तेव्हा मागच्या बाजूला दोन गुंठे जागा शिल्लक राहिली. पूर्वी तिथं ऊस असायचा. मग प्लॉट पडले आणि नंतर चार वर्षं नुसतं गवत. मी पॉवर टिलरवाल्याला बोलावून रोटर मारून घेतला. अर्ध्या तासात जमीन अशी भुसभुशीत झाली, की बघत राहावं. त्याच आठवड्यात वांगी-मिरचीची रोपं लावली, मेथी-कोथिंबीर टाकली. अठराव्या दिवशी मेथी कुठं आहे ते दिसेना. सगळीकडं लव्हाळ्याची हिरवीगार गादी, तीही एकसारखी, जणू पेरूनच घेतलेली. शेजारच्या मळ्यातल्या आक्का कुंपणाशी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, लव्हाळ्याची लागण केलीसा का?"

चूक टिलरवाल्याची नव्हती. मी जे सांगितलं ते त्यानं केलं. घाई माझी होती. त्या वर्षी भाजी विकतच आणली आणि पुढच्या वर्षी आक्कांच्या सांगण्यावरून पहिल्यापासून सुरुवात केली. खालचं सगळं त्या दुसऱ्या वर्षाच्या आणि त्यानंतरच्या अनुभवातलं. थोडक्यात सांगायचं तर लावणीच्या आधीचे आठ-दहा आठवडे तणासाठी राखून ठेवायचे. त्याला उगवू द्यायचं, काढायचं, परत उगवू द्यायचं, परत काढायचं. पहिलं रोप त्यानंतर.

पहिलं काम: तुमच्या रानात काय आहे ते बघा

खोरं हातात घेण्याआधी दोन-तीन संध्याकाळी नुसतं फिरा. हातात काठी ठेवा आणि गवत आपटत चला. पडीक जागेत घोणस असू शकते, त्यामुळं दाट गवतात सरळ हात घालायचा नाही.

कामापुरते तणाचे दोनच गट लक्षात ठेवा. एक बियांवर जगणारं: काँग्रेस (गाजरगवत), माठ, काटेमाठ, घोळ, कुर्डू, टाकळा, दुधी, एकदांडी, आघाडा. दुसरं जमिनीखालच्या गाठींवर आणि मुळ्यांवर जगणारं: लव्हाळा, हराळी, कुंदा. पहिल्या गटाचा बंदोबस्त एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी होतो. दुसऱ्याला दोन-तीन वर्षं लागतात, आणि पहिल्या गटाची पद्धत त्याला लावली तर तो वाढतो. माझ्या रोटरनं नेमकं तेच केलं होतं.

लव्हाळा ओळखायची खूण सोपी. त्याची कांडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. गवताची कांडी गोल किंवा चपटी असते. हराळी सगळ्यांनाच माहीत आहे, गणपतीला दूर्वा म्हणून आपणच ती शोधत हिंडतो. तिचे धावते दोर जमिनीवरून पसरतात, पांढऱ्या टणक मुळ्या जमिनीखालून जातात आणि प्रत्येक पेराला फूट असते. दोन पेरांचा तुकडा राहिला तरी तो उभा राहतो.

आता पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या आणि माती हातानं चाळा. लव्हाळा असेल तर काळ्या दोऱ्यासारखी बारीक मुळी सापडेल. ती न तोडता हळूहळू मोकळी करत जा. चार बोटांवर एक गाठ, सुपारीपेक्षा लहान, बाहेरून काळपट, फोडली की पांढरी आणि नागरमोथ्याचा तो ओळखीचा वास. काष्ठौषधीच्या दुकानात विकतात तोच हा नागरमोथा. पुढं परत दोरा, परत गाठ. पहिल्या खड्ड्यात मी अशी एक माळ तुटू न देता काढली, तिच्यात सतरा गाठी निघाल्या. वर मात्र पाचच शेंडे दिसत होते. बाकीच्या गाठी झोपलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत पुढची उगवलेली गाठ मागच्यांना दाबून ठेवते. रोटरचं पातं माळेचे तुकडे करतं, तो दाब सुटतो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. पाचाचे सतरा कसे होतात ते मला त्या दिवशी कळलं.

खड्ड्यातली थोडी माती एका पाटीत पसरा, ओली ठेवा आणि ऊन येईल अशा जागी पंधरा-वीस दिवस ठेवा. काय काय उगवतं ते बघितलं की पुढं कोणाशी गाठ आहे ते समजतं.

जागा पूर्वी उसाची असेल आणि अलीकडंच सुटली असेल, तर आणखी एक चाचणी करा. उसात अॅट्राझीनसारखी तणनाशकं मारतात, त्यांचा अंश जमिनीत काही महिने राहू शकतो. एका कुंडीत तुमची माती, दुसऱ्या कुंडीत खात्रीची दुसरीकडची माती घ्या आणि दोन्हींत काकडी आणि टोमॅटोचं बी टाका. तुमच्या कुंडीतली रोपं खरी पानं आल्यावर कडेनं पिवळी पडून करपायला लागली आणि शेजारची ठणठणीत असली, तर त्या हंगामात भाजी नको, मका किंवा ज्वारी पेरा.

किती जागा उघडी करायची

दोन गुंठे आहेत म्हणून दोन्ही खणू नका. दोन गुंठे म्हणजे जवळपास बावीसशे चौरस फूट. नोकरी सांभाळून सकाळच्या तासाभरात एका माणसाला पहिल्या वर्षी पाव ते अर्धा गुंठा नीट भांगलता (खुरप्यानं तण काढता) येतो. उरलेली जागा झाकून ठेवा किंवा दर पंधरा-वीस दिवसांनी गवत फुलायच्या आधी विळ्यानं कापत राहा. उघडं केलेलं आणि सांभाळता न आलेलं रान पडीक रानापेक्षा वाईट. त्यात तण दुप्पट जोमानं येतं आणि बीही धरतं.

मार्च-एप्रिल: कापणं आणि खणणं

आपल्याकडचं हवामान या कामाला फार सोयीचं आहे. एप्रिल-मे कडक ऊन, मध्येच वळीव, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृगाचा पाऊस. शेतकरी उन्हाळी नांगरट करून रान तापू देतात. तेच परसात करायचं.

सगळं गवत आधी जमिनीलगत कापा. काँग्रेस असेल तर ते आधी आणि वेगळं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. एक मोठं झाड दहा हजारांवर बिया टाकतं आणि ओल मिळाली की वर्षभर कधीही उगवतं. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल, यात हयगय नको. फुलाच्या आधी मुळासकट उपटलं तर खड्ड्यात कुजवून चांगलं खत होतं. पांढरी फुलं आली असतील तर खतात अजिबात नाही, वाळवून बंबात घाला.

मग खणायचं. इथं दोन वाटा आहेत.

रानात फक्त बियांचं तण असेल तर खोल खणू नका. माती फारच घट्ट असेल तर एकदा वीतभर, नाहीतर वरची चार बोटं हलवली तरी पुरे. बारीक बी प्रकाश आणि वरच्या थराची ऊब मिळाली की उगवतं. खोल गेलेलं झोपून राहतं. प्रत्येक खणणीत तुम्ही तळघरातलं बी वर आणता.

लव्हाळा, हराळी किंवा कुंदा असेल तर मात्र कुदळीनं किंवा काट्याच्या फावड्यानं वीत-सव्वा वीत खोल खणा आणि मोठी ढेकळं तशीच उलटी टाका. फोडायची नाहीत. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी याच खोलीत असतात. ढेकळं तीन-चार आठवडे उन्हात राहिली की आतली मुळी आणि गाठी वाळतात. वळवाच्या आधी ढेकळं काठीनं फोडा, हराळीचे दोर आणि गाठी हातानं वेचा. काळ्या रानात ढेकूळ दगडासारखं होतं, तिथं फोडायला टिकाव लागेल. पश्चिमेकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत हे काम निम्म्या वेळात होतं.

वेचलेलं कुठं टाकायचं, हा प्रश्न लहान वाटतो पण आहे मोठा. बांधावर टाकलेली हराळी पहिल्या पावसात परत आत येते. उकिरड्यात टाकलेल्या लव्हाळ्याच्या गाठी पुढच्या वर्षी खताबरोबर वाफ्यात येतात. मी गच्चीवर जुन्या पत्र्यावर पसरते आणि गाठ नखानं दाबली की मोडेल इतकी वाळली की बंबात. हराळीचा वरचा पाला म्हशीला चालतो, मुळ्या चालत नाहीत.

बांधाकडची बाजू

आतलं सगळं साफ केलं आणि कुंपणापलीकडं हराळी तशीच असली, तर एका पावसाळ्यात ती हातभर आत येते. वाफ्याच्या चारही बाजूंना वीतभर रुंद आणि दीड वीत खोल चर काढा आणि तो मोकळाच ठेवा. दर महिन्याला चरात उतरलेले दोर कापायचे. चरीऐवजी जुन्या पत्र्याच्या पट्ट्या उभ्या गाडल्या तरी चालतं, फक्त कडा वर उघड्या ठेवू नका, लेकरं खेळतात. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काँग्रेस माजलं असेल तर मालकाला विचारून तिथं पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं बी टाकायचं. टाकळा काँग्रेसला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही येतो. तुमच्या वाफ्यात मात्र तो नको. तिथं तोही तणच.

मे: रान खोटं उगवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच, आणि घाईपोटी लोक नेमकी हीच गाळतात.

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाफे अगदी लावणीच्या तयारीचे करून घ्या. सपाट, बारीक, चांगलं कुजलेलं खत मिसळलेले. आणि लावू काहीच नका. वळवाची एखादी सर आली तर ती पुरते, नाहीतर झारीनं किंवा पाईपनं वाफा चांगला भिजवा. आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसायला लागेल. दोन पानांवर येऊ द्या. मग वाफसा (पाणी मुरून माती कामाजोगी झालेली) बघून, कोरड्या दिवशी, सकाळी नऊच्या आत धारदार खुरपं किंवा सायकल कोळपं वरच्या बोटभर थरातून फिरवा. बोटभर म्हणजे बोटभरच. खुरपं खोल गेलं की खालचं नवं बी वर येतं आणि आतापर्यंतची मेहनत फुकट. सकाळी कापलेली ही पिल्लं दुपारच्या उन्हात दोन तासांत कोमेजतात, वेचायचीही गरज नसते.

परत भिजवा. दुसरी पिढी पहिल्यापेक्षा विरळ येते. बारा-पंधरा दिवसांनी तेच. शक्य झालं तर तिसऱ्यांदा. माझ्याकडं पहिल्या वेळी वाफा गालिच्यासारखा भरला होता, तिसऱ्या वेळी हाताएवढ्या जागेत चार-पाच कोंब. वरच्या बोटभर थरातला साठा असा संपतो. यानंतर वाफा खणायचा नाही. रोपं लावताना रोपापुरता खड्डा, बी टोकताना काडीनं भोक. एवढंच.

लव्हाळा असेल तर याच दिवसांत त्याचे कोंब वर येतात. तीन-चार पानांवर असताना, माती ओलसर असताना, खुरप्याचं टोक तिरकं घालून गाठीसकट उचला. कोरड्या मातीत ओढलं तर कांडी तुटते आणि गाठ खाली राहते. उगवल्यापासून तीनेक आठवड्यांत लव्हाळा नव्या गाठी धरायला लागतो, म्हणून दोन फेऱ्यांत दोन-अडीच आठवड्यांहून जास्त अंतर पडू देऊ नका. कांडी तुटलीच तरी हळहळू नका. गाठीला नवा कोंब काढायला साठा खर्चावा लागतो, पाच-सहा वेळा तुटल्यावर ती दमते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हे एक पुढं उपयोगी पडतं.

ऑक्टोबरात सुरुवात करत असाल तरी हाच प्रकार चालतो. ऊन असतं, वळीव नसतो, म्हणून पाणी स्वतः द्यायचं. पंचगंगेच्या काठच्या, पुराचं पाणी येणाऱ्या रानात तर पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं. पुराचा गाळ खताचा, पण त्याबरोबर वरच्या सगळ्या शिवारांतलं बी येतं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर चिखलीकडच्या नात्यातल्या एका रानात जे उगवलं, त्यातली निम्मी तणं तिथल्या म्हाताऱ्या माणसांनाही नवी होती.

प्लॅस्टिक अंथरून माती तापवण्याबद्दल बरेच जण विचारतात. पारदर्शक कागद लागतो, काळा नाही. जमीन आधी भिजवायची, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे ठेवायचं. बियांच्या तणावर चांगला उपयोग होतो, खोलवरच्या लव्हाळ्यावर आणि हराळीवर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडं मेमध्ये वळवाच्या वावटळीनं कागद दोनदा उडाला, एकदा थेट शेजारच्या नारळावर. मी आता रोपवाटिकेच्या तीन फूट बाय दहा फुटांच्या वाफ्यापुरतंच करते. तिथं ते सोन्यासारखं आहे, कारण मिरची-वांग्याची टीचभर रोपं तणातून निवडणं हे डोळ्यांचं काम आहे.

झाकणं: पुठ्ठा आणि पाचट

कोल्हापुरात राहून आच्छादन विकत घेणं म्हणजे रंकाळ्याकाठी बसून पाण्याची बाटली घेण्यासारखं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला साखर कारखाने सुरू झाले, की मार्चपर्यंत उसाची तोड चालू असते आणि फडाफडांत पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडून असतं. अजूनही कितीतरी ठिकाणी ते पेटवतात. फडाच्या मालकाला आधी विचारा, बहुतेक जण "घिऊन जावा की" म्हणतात. नेताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पाचटाची कड हात कापते आणि कूस अंगात घुसते, ती रात्रभर झोपू देत नाही. मार्चमध्ये आणलेलं पाचट कोरड्या जागी रचून ठेवा, जूनला कामी येतं. गुऱ्हाळाजवळ राहात असाल तर चिपाडांचा चुराही वाटांवर टाकायला चांगला.

लावलेल्या रोपांभोवती पाचट दाबून बसल्यावर निदान चार बोटं जाड राहील एवढं टाका. पसरताना वीतभर दिसलं तरी महिन्याभरात निम्मं होतं. खोडापासून तीन-चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून खोड कुजतं. कोरड्या दिवसांत वाळवी लागते, म्हणून झाडाला पाणी देताना पाचटही ओलं करा. पाचट मातीत मिसळू नका. मिसळलं तर ते कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. वर पडून राहिलं तर हा त्रास जवळजवळ नसतो.

यंदा जी जागा उघडायची नाही तिथं पुठ्ठा वापरा. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत दुकानांबाहेर संध्याकाळी खोक्यांचे ढीग असतात. चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाका, गवत जमिनीलगत कापून चांगलं भिजवा, त्यावर पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढतील असे अंथरा, परत भिजवा, वर पाचट. जोडात बोटभर फट राहिली तर हराळी तीच शोधते. चार-पाच महिन्यांत पुठ्ठा विरतो आणि खालचं बियांचं तण मेलेलं असतं. हराळी अर्धमेली होते, पुढच्या उन्हाळ्यात वेचायला सोपी जाते. लव्हाळा मात्र सुईसारखं टोक काढून पुठ्ठा भोसकतो, मल्चिंगचा प्लॅस्टिक कागदसुद्धा फाडतो. त्याला झाकून संपवता येत नाही. टोक दिसलं की ओढायचं.

रान फारच माजलेलं असेल तर आधी ताग

लव्हाळा गुडघ्याएवढा असेल किंवा तुम्हाला मे महिन्यात वेळच नसेल, तर पहिला पावसाळा भाजीचा विचार सोडा आणि जूनमध्ये ताग पेरा. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी, म्हणजे दाट. पंचवीस दिवसांत तो असा उंच आणि घट्ट होतो, की खाली ऊन पोचत नाही. लव्हाळ्याला सावली सोसत नाही म्हटलं ते इथं उपयोगी पडतं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, पहिली पिवळी फुलं दिसली की कापून तिथंच दाबा. उशीर केला तर खोड वाखासारखं चिवट होतं, कुजत नाही. महिनाभर कुजू दिलं की सप्टेंबरच्या शेवटी जमीन तयार. पाणी साचणाऱ्या रानात तागाऐवजी धैंचा घ्या.

दिवाळीला भाजी हवी म्हणून ही पायरी टाळावीशी वाटते. मी एकदा टाळली होती. नको.

बाहेरून येणारं तण

म्हशी काय खातात ते बघितलं की शेणखतात काय असेल ते कळतं. बरंच बी त्यांच्या पोटातूनही जिवंत बाहेर येतं. उकिरड्याच्या वरच्या थरातलं, पेंढ्या ओळखू येणारं खत घेऊ नका. खालचं काळं, चहाच्या भुकटीसारखं, वास नसलेलं घ्या. शंका असेल तर ढीग ओला करून, उलथून, झाकून परत तापू द्या. मधोमध हात घातला की चटका बसला पाहिजे. महिन्याभरात दोनदा उलथा.

भरावाची माती आणि तळ्याचा गाळ यांत लव्हाळ्याच्या गाठी हमखास असतात. ट्रॉली रिकामी करण्याआधी दोन घमेली चाळून बघा. रोपवाटिकेतून पिशवीतली रोपं आणताना पिशवीच्या तोंडाशी एखादं लव्हाळ्याचं पान दिसतंय का ते तिथंच बघा. मला कढीपत्त्याबरोबर तो फुकट मिळाला होता, आमच्या स्वच्छ केलेल्या कोपऱ्यात.

औषध मारू का?

हा प्रश्न टळत नाही म्हणून लिहिते. परसबागेत मारू नका. दुकानात सहज सुचवलं जाणारं ग्लायफोसेट आपल्याकडं चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यासाठीच नोंदलेलं आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच करायचा, असा आदेश काढला. पॅराक्वाट तर घरात आणूच नका, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

शेजारी ऊस असेल तर वेगळी काळजी. उसात रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतात आणि वाऱ्यानं त्याचे तुषार भाजीवर आले, की टोमॅटो, वांगी, भेंडीची पानं चोळामोळा होऊन सुतळीसारखी वळतात. लोक त्याला रोग समजून आणखी फवारे मारतात. शेजारच्या मालकाशी आधीच बोलून ठेवा, वारा नसताना सकाळी मारायला सांगा.

मीठ आणि व्हिनेगर टाकायचे सल्ले मोबाईलवर फिरतात. शिरोळकडची क्षारपड झालेली रानं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना मिठाबद्दल वेगळं सांगायला नको.

मृगानंतर: काय लावायचं आणि कसं भांगलायचं

पहिल्या हंगामात मेथी, कोथिंबीर, कांदा, गाजर नको. ही पिकं हळू वाढतात किंवा सावली करत नाहीत, आणि दाट बारीक पिकातलं तण काढताना निम्मं पीकच हातात येतं. कांद्याला तर पहिले दीड-दोन महिने तण अजिबात सोसत नाही. सुरुवात करा ती भोपळा, काकडी, दोडका जमिनीवर किंवा मांडवावर, चवळी, रताळी आणि तयार रोपांची वांगी-मिरची यांनी. रताळ्याचा वेल महिन्या-दीड महिन्यात वाफा झाकून टाकतो.

ओळी सरळ लावा, दोन ओळींत खुरपं आडवं फिरेल एवढी जागा ठेवा. सरळ ओळ शोभेसाठी नसते. ओळीबाहेर जे उगवलं ते तण, एवढं डोळ्याला लगेच कळावं म्हणून ती. वाटांवर पाचट किंवा चिपाडं जाड टाका. वाटेवरचं तण दुर्लक्षित राहतं आणि बी तिथंच पडतं. ठिबक असेल तर पाणी फक्त रोपाला मिळतं, वाट कोरडी राहते.

खरा कस जुलैत लागतो. झड लागली की पंधरा-पंधरा दिवस वाफसा येत नाही, रानात पाय घालता येत नाही, आणि तण वाढत राहतं. म्हणून झडीच्या आधी, जूनच्या शेवटी मिळेल त्या उघडिपीत पहिली भांगलण उरकून घ्या आणि लगेच पाचट टाका. ही एक भांगलण चुकली तर पुढच्या तीन करूनही भरून निघत नाही.

पावसात उपटलेलं तण वाफ्यात टाकू नका. घोळ आणि केना पडल्या जागी परत मुळं धरतात. केना तर पक्का. त्याची निळी फुलं वर दिसतात, पण जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात आणि तिथंच बी धरतं. वरून खुडून समाधान मानलंत तर फसाल, मुळासकट काढा आणि बुट्टीत भरून बाहेर न्या.

बाहेर नेलेलं सगळंच टाकाऊ नसतं. कोवळी घोळ, माठ, कुर्डू, केना या आपल्या आज्या खात आल्यात. भांगलायला येणाऱ्या मावश्या जाताना ओटीत भरून नेतात. फक्त औषध मारलेल्या रानातलं किंवा रस्त्याकडेचं नको, आणि ओळख पक्की असेल तरच.

फुलावर आलेलं एकही तण दिसलं तर बाकीचं काम सोडून ते आधी काढा. पानं कितीही दिसोत, ती थांबू शकतात.

माझं आता चौथं वर्ष. अर्ध्या गुंठ्यात लव्हाळा अजून आहे, पण सकाळच्या चहाआधी खुरप्यानं पंधरा-वीस कोंब काढले की झालं. गेल्या थंडीत पहिल्यांदा कांदा लावला. आक्का येऊन वाफ्यात वाकून बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उकिरड्यातलं तळचं काळं खत दोन पाट्या भरून कुंपणाशी ठेवलेलं होतं.